सुकतीचं मैदान

इस्माईल, तुझ्या मयतीत मला बोलू दिलं नाही.

आता तूच सांग, या पंचक्रोशीत लग्न असो, बारसं असो, नव्या होडीची पूजा असो, वासूच्या हातात माईक दिल्याशिवाय कधी काही पार पडलंय का? आणि जिथे मला खरोखर बोलायचं होतं, तिथे मी नुसता घसा खाकरला, एक पाऊल पुढे टाकलं, तर तुझ्या धाकट्या भावानं, यासीननं, माझं मनगट धरलं. "वासूदा, हंय भाषण नसता. माती दे आणि मागे हो." मी माती दिली. माती कसली, आपली देवबागची वाळूच ती. अर्धी बोटांच्या फटींतून वाटेतच गळाली. तुझ्यापर्यंत किती पोचली कोण जाणे. म्हणून आता लिहायला बसलोय. इथे मनगट धरायला कोणी नाही.

माणसं किती होती, विचारशील. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, नि मध्ये वाळूची जीभ. त्या दिवशी ती जीभ माणसांच्या वजनानं हातभर खाली गेली, आणि समुद्राला वाटलं आपली भरतीची वेळ झाली, तो अवेळीच वर आला. येत्या मोसमात माझ्या होमस्टेच्या पाहुण्यांना मी हेच सांगणार आहे. तुला मात्र हे चालायचं नाही. "वासू बोललो काय एक शून्य काढून टाकूचा," असं तू माझ्या तोंडावर पाहुण्यांना सांगायचास, आणि वर माझाच चहा प्यायचास. तर शून्य काढून सांगतो. नेहमीची माणसं होती. बाजारातले तुझे दुकानदार, जाळी न् दोरखंड घेणारी तुझी गिऱ्हाइकं, रापणीवाले. आणि पोरं. शाळेचा युनिफॉर्म घालून आलेली, कारण खेळाच्या कपड्यांत यायचं की नाही हे सांगायला तू नव्हतास. कोणीही रडत नव्हतं. सगळी पोरं वळून वळून मागे बघत होती.

लोकांना वाटलं, पोरं बावरलीत. मला ठाऊक होतं की ती तुझी सवय आहे.

ही सवय तू त्यांना कशी लावलीस, ते आठवून मला अजून हसू येतं, आणि हसू आलं की पुढचं येतं. खाडीकडची वाळू सुकतीला उघडी पडते, म्हणजे ओहोटी लागली, पाणी मागे सरलं, की तुझं मैदान पाण्यातून वर यायचं, आणि भरतीला परत बुडायचं. त्यामुळे तुझ्या फुटबॉलच्या सरावाची वेळ रोज बदलायची. आज दुपारी तीन, उद्या पावणेचार. मालवणातल्या शाळेचा घंटेवाला परवडला, पण तुझ्या पोरांचं वेळापत्रक देवानं लिहिलेलं. पोरं गोल करून उभी राहायची, पाठ खाडीकडे. पाठीमागून होड्या जायच्या. चेंडू पायाशी येण्याआधी पोरानं मान वळवून मागची होडी बघायची आणि ओरडायचं, "निळी!" "सदाकाकाची!" "पावन्यांची!" होडी चुकली तर चेंडू घ्यायचा नाही. पाहुण्यांना मी सांगायचो की हे बंदर खात्याचं प्रशिक्षण केंद्र आहे.

मी तुला एकदा म्हटलं, "मेल्या, ही पोरां खेळाडू होतली की होड्यांचे इन्स्पेक्टर?"

उत्तर पुढे मिळालं. काही दिवसांनी माझ्या मोठ्या टीव्हीवर भारताची मॅच लागली होती. आम्ही नेहमीप्रमाणे हरत होतो, आणि मी गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. तू खुर्चीत पुढे सरकलास. "त्या बिचाऱ्याक कित्याक शिव्या घालतंस? ह्या मधल्याक बघ. बॉल येवच्या आदी मागे बघल्यान काय? नाय. बॉल पायाकडे इल्यावर बघता. तवसर समोरचो येवन पोचलो." मग अगदी हळू, जणू त्या खेळाडूच्या घरातलं माणूस म्हणतंय अशा आवाजात तू म्हणालास, "बारा वर्साचो असताना हेका कोणी सांगूक नाय रे. आता कोण सांगतलो?"

त्या दिवसापासून मी होड्यांवरून चेष्टा केली नाही. म्हणजे केली, पण कमी.

खेळायला मात्र तुला येत नव्हतं, इस्माईल. आता तू नाहीस तर हे बोलून टाकतो. तू चेंडूला लाथ मारलीस की चेंडू सोडून बाकी सगळं उडायचं, वाळू, खेकडे, चप्पल. पण तुझ्याकडे नजर होती. तू पोरं मैदानात निवडायचासच नाहीस. तू रापणीवर जाऊन उभा राहायचास. सगळी वाडी किनाऱ्यावरून दोर धरून जाळं ओढतेय, पोरंही मध्ये लटकलेली, आणि तू दुकानाला कुलूप लावून बघत बसलायस. न सांगता टाच वाळूत रोवून जोर लावतो तो बचावाला. दमला तरी दोर सोडत नाही तो मधल्या फळीत. आणि एखादं पोर दोर सोडून पळत पुढे जातं, कारण मासळी जाळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात दाटणार ते त्याला आधीच कळलेलं असतं. सगळे त्याला शिव्या घालतात. तू त्याचं नाव विचारायचास.

तन्वी तुला अशीच मिळाली. सदाची पोर, दहा वर्षांची असेल तेव्हा. तिचा बाप भर रापणीत तिच्यावर ओरडला, "दोर कित्याक सोडलंस गो!" आणि तू पुढे होऊन त्याची पोरच मागितलीस, "सदा, ता चेडू माका दी."

सदा म्हणाला, "भाई, जाळा घेवन जावा, दोर घेवन जावा. चेडू कित्याक?"

तन्वीच्या लाथेबद्दल मी माईकवर जे काही बोललोय त्याची सगळी जबाबदारी माझी. तिचा चेंडू गोव्यात पडला आणि तिथल्या पोलीस ठाण्यातून फोन आला, हे मीच सांगितलं. तिनं मारलेल्या चेंडूमागे गेलेला कुत्रा तिसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याहून चालत आला, हेही मीच. लोक हसायचे, तन्वी लाजून लाल व्हायची, आणि तू मैदानाच्या कडेला हातांची घडी घालून उभा असायचास, चेहरा असा की जणू तुझं कोणी पाकीट मारलंय. "पोराच्या डोक्यात हवा भरू नको," म्हणायचास. मी म्हणायचो, "हवा चेंडूतच भरतंय रे. पोर आपणच उडता."

आपलं खरं भांडण मात्र हवेचं नव्हतं. कपाचं होतं.

भातं कापून झाली की आतल्या गावच्या मोकळ्या मळ्यांत वाड्यावाड्यांच्या पोरांची स्पर्धा होते, आणि इतक्या वर्षांत आपली वाडी ती एकदाही जिंकली नाही. का नाही? कारण तू. दरवर्षी आपला संघ तयार व्हायचा, एखादं पोर असं काही खेळायला लागायचं की समोरच्या वाडीच्या आया नवस बोलायला लागायच्या, आणि नेमकं त्याच वर्षी तू ते पोर कुठे तरी धाडून द्यायचास. एक पोर पुण्याला गेला. एक गोव्यात. आपला गोलकीपर रियाज तर थेट देशाच्या दुसऱ्या टोकाच्या निवासी अकादमीत. तू मांजरासारखा पोरं तोंडात धरून घरोघर फिरायचास. इकडे मी माईकवर बसून दुसऱ्यांच्या कपाची वर्णनं करायची.

रियाजला नेलं तो दिवस आठवतो? अकादमीच्या निवडीच्या माणसांचं पत्र आलेलं, अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता खेळ बघायला येतो. ती होती पौर्णिमा. पौर्णिमेला अकरा-बाराला पाणी कुठे असतं हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. सगळ्या वाडीनं पत्र वाचलं आणि कोणालाही काही खटकलं नाही, कारण ते लोक पाणी उतरेपर्यंत बसायला लवकर येतायत, असं प्रत्येकानं मनात धरून टाकलं. समुद्र किती वाजता येतो हे जगात कोणाला ठाऊक नसेल, ही कल्पनाच आपल्या डोक्याला शिवली नाही.

पांढरेशुभ्र बूट घातलेले साहेब गाडीतून उतरले. "मैदान कुठे आहे?"

तू बोट दाखवलंस. "ह्या काय, समोर."

"समोर तर पाणी आहे."

"व्हय," तू म्हणालास, "ह्या वेळाक पाणीच असतला."

"मग तुम्ही कळवलं का नाही?"

तू खरोखर बुचकळ्यात पडलास. "साहेब, पौर्णिमा कॅलेंडरात आसा ना?"

माझ्या घरी त्यांना बसवलं. तुझ्या घरून भाबीनं केलेलं सुरमईचं कालवण आलं. मी त्यांना गोष्टी सांगून सांगून समुद्र उतरेपर्यंत धरून ठेवलं. तू पायरीवर बसून नुसता पाण्याकडे बघत होतास. संध्याकाळ व्हायला आली तशी वाळूची पाठ वर आली, ओली, चकचकीत, आणि तुझी पोरं तिच्यावर पळत सुटली. "निळी!" "यासीनचाचाची!" साहेबांनी पांढरे बूट काढले, पँट वर दुमडली आणि पाण्यात उभे राहून बघत राहिले. त्यांनी रियाजला मागितला, आणि तू "हो" म्हणालास. दुसऱ्या महिन्यात स्पर्धा होती.

"स्पर्धा झाल्यावर धाड," मी म्हटलं होतं.

"स्पर्धा दर वर्साक येता," तू म्हणाला होतास.

त्या वर्षी आपल्या गोलमध्ये उभा राहिलेला पोर चेंडू आला की डोळे मिटायचा. किती गोल झाले ते मी माईकवर सांगायचं बंद केलं.

आणि दोन-अडीच वर्षांनी रियाज परत आला. पुढच्या गटात निवड झाली नाही. आता तो पाहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवतो, आणि डॉल्फिन नाही दिसला तर माझ्याकडून शिकलेल्या गोष्टी सांगतो. मी तुला किती वेळा म्हटलं, इस्माईल, "बघ, तिकडेही नाय, हंयही नाय. कप गेलो तो गेलोच." तू म्हणायचास, "वासू, तो खेळूक गेलो होतो, हरवूक नाय." मी म्हणायचो, "भारताचो संघ काय आमच्या वाडीच्या भरवशावर आसा?" आणि तू चिडायचास. दोरखंड मापता मापता हातातला गज खाली ठेवायचास. "खंयच्या तरी वाडीच्या भरवशावर आसा मां? आमचो पोर आमच्याकडेच ऱ्हांव दे, असा प्रत्येक वाडी म्हणाली तर थंय कोण खेळतलो? मंत्री?"

हे भांडण आपण इतक्या वेळा केलं की तुझ्या दुकानातला पंखासुद्धा ते आपल्यासोबत म्हणू शकला असता.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. यंदा आपण फायनलला पोचलो होतो. तन्वीमुळे. मुलांच्या संघात एकटी पोर, आणि समोरच्या वाडीचे थोराड पोरगे तिच्या मागे फिरून फिरून चक्कर येऊन पडत होते. (यातलं शून्य काढू नकोस, मी डोळ्यांनी बघितलंय.) आणि त्याच आठवड्यात तुझ्याकडे निरोप आला. मुलींची निवासी अकादमी, जिथून देशाच्या लहान मुलींच्या संघात पोरी जातात, तिनं तन्वीला घेतली होती. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या गाडीनं निघायचं. फायनल त्याच्या पाठच्या रविवारी.

त्या बुधवारी तुझ्या दुकानात मी हात जोडले. माझ्यासारख्या माणसानं हात जोडले. "दोन दिवस, इस्माईल. फोन कर. दोन दिवस उशिरा येता म्हणान सांग."

"केलंय फोन. म्हणतत, त्या दिवसाक पोचली नाय तर पुढच्या पोरीक बोलावतलो. यादीत पोरी आसत."

"मगे ऱ्हांव दे! पुढच्या वर्साक जाईत."

"पुढच्या वर्साक तिका कोण बोलावतलो?" तू दुकानाची फळी लावायला लागलास. "रविवारी सदाकडे जातंय. बापूस अजून तयार नाय. समजावक होया."

तेव्हा मी बोललो. "तुका कप नको, तुका वाडी नको. तुका नुसती पोरां वाटूची आसत."

तू हसलास. रागावला असतास तर बरं झालं असतं. "उद्या बोलूया," म्हणालास. "सुकती लागली. पोरां थांबली आसत." आणि सायकलवर टांग टाकून गेलास.

त्या उद्याच्या सकाळी यासीनचा फोन आला.

तुला पुरल्यानंतरच्या दिवशीची गोष्ट. दुपारी पाणी उतरलं. मी ओट्यावर बसलो होतो. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, पण पोरं आली. वाळू वर आली तशी गोल करून उभी राहिली, पाठ खाडीकडे. चेंडू एकाच्या काखेत. बराच वेळ कोणी तो खाली ठेवला नाही. मागून एक होडी गेली, आणि कोणीतरी, सवयीनं, हळूच म्हणालं, "निळी." मग ती सगळीच रडली. मी घरात गेलो. तिथे माईकचं काही काम नव्हतं.

रविवारी मी सदाकडे गेलो. तू जाणार होतास म्हणून. कशासाठी जातोय हे मला चालताना नक्की ठाऊक नव्हतं, हे तुला सांगायला हरकत नाही. तुझा निरोप पोचवायला, की पोर राहतेय याची खात्री करून घ्यायला. वाटेत रियाज भेटला. "काका, खंय?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता बरोबर चालू लागला.

सदा अंगणात फाटलेलं जाळं मांडून बसला होता. वर बघितलं नाही. "बसा. इस्माईलभाई येवचे होते."

"त्याच्या बदली मी इलंय."

"तू?" आता त्यानं वर बघितलं. "तुका तर ता चेडू फायनलीक होया. साऱ्या वाडीक म्हायत आसा."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "ह्यांचा काय ऐकू नकात हां! गोव्यात चेंडू पाडणारे हे."

"पडलो होतो, वैनी," मी म्हटलं. "फोन इलो होतो."

"शिरा पडो तुमच्या फोनार," म्हणत ती चहा घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले. तन्वी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

सदानं रियाजकडे मान केली. "ह्यो गेलो होतो मां? काय झाला? बोटच चालयता ना? मगे माझ्या चेडवान इतक्या लांब जावन काय करूचा? परत येवन मासळी विकूची तर हंय काय वाईट आसा?"

हे माझंच भांडण होतं, इस्माईल. शब्द न् शब्द माझा.

रियाजनं उजवा हात पुढे केला. करंगळीशेजारचं बोट पेरातून वाकडं. "ह्या बघा, सदाकाका. थंय माझ्यावांगडा एक पोर होतो. दिवसभर मी गोलात आणि तो शॉट मारता. मी अडवतंय, तो वेगळो मारता. मी ता पण अडवतंय, तो आणखी वेगळो मारता. एकदा असो मारल्यान की बोट ह्या असा झाला. आता तो देशाच्या ज्युनिअर संघात आसा. टीव्हीवर तो गोल मारता तेव्हा ह्या बोट दुखता." तो हसला. "भाईक ह्या सांगितलंय तेव्हा भाईन माझा बोट धरून ठेवल्यान. लय वेळ धरून ठेवल्यान."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. इतकी वर्षं रियाजचं नाव घेऊन मी तुला हरवत होतो, आणि तुझ्याकडे हे होतं, आणि तू ते बाहेर काढलं नाहीस. का रे? मी ते माईकवरून सांगितलं असतं म्हणून? सांगितलं असतं. खरंय. बोटाचा हात केला असता, हाताचा खांदा.

सदा जाळ्यात बोटं घालून बसून राहिला. मग त्यानं मला विचारलं. "वासू, भाई काय म्हणाले हिच्याबद्दल? खेळतली काय ही इंडियाकडसून?"

आणि माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणालास, वासू, लिहून ठेव, ही पोर भारताची कप्तान होणार. वाक्य तयार होतं, तुझा आवाज तयार होता, फळी लावता लावता मागे वळून बघणारा तूसुद्धा तयार होतास. आणि सदानं ते मानलं असतं. माझ्यावर या किनाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण तुझ्यावर सगळे ठेवायचे, आणि तू आता नाही म्हणायला येणार नव्हतास. जन्मभर थापा मारल्या, पण दुसऱ्याच्या, आणि तेही गेलेल्या माणसाच्या तोंडानं कधी मारली नव्हती.

"काय म्हणूक नाय," मी म्हटलं. "तो कोणाबद्दलच काय म्हणत नसायचो. म्हणायचो, धाडूचा आपल्या हातात आसा. पुढचा नाय."

मग सदा बायकोकडे बघत म्हणाला, "ह्यान खेळतलीच म्हणान सांगला असतान तर मी धाडलंय नसतंय. ह्याच्या बोलण्यार कोण पोर धाडता?" आणि परत जाळ्याला हात घातला. "शुक्रवारी मी तिका घेवन जातंय. रियाज, तू पण चल. माका ती गाडी बदलूची म्हायत नाय."

तेव्हा तन्वी चौकटीपासून सुटली. सरळ माझ्यासमोर आली. "मी फायनल खेळून जातंय."

"गाडी शुक्रवारी आसा गो."

"चाचांक कप मिळूक होयो. ते गेले. आता तरी मिळूक होयो." तिचा आवाज फाटला. "काका, तुमी सांगा त्यांका फोनार. तुमी बोललास तर ते ऐकतले. तुमका बोलूक येता."

सगळे माझ्याकडे बघत होते. सदासुद्धा. मला ठाऊक होतं, मी "बघतो फोन करून" एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. शुक्रवार टळला असता. रविवारी ती खेळली असती, आणि आपण जिंकलो असतो, इस्माईल. शून्य काढून सांगतो, जिंकलो असतो. तुझ्या नावानं कप वाडीत वाजतगाजत आणला असता, मी असा बोललो असतो की गोव्याच्या पलीकडे ऐकू गेलं असतं.

"नाय," मी म्हटलं. "शुक्रवारची गाडी."

"पण आपण हरतलो!"

"हरतलो," मी म्हटलं.

तिनं मला मारलं. छातीवर, दोन्ही मुठींनी. चांगलं लागलं, हातातही जोर आहे तिच्या.

शुक्रवारी कुडाळ स्टेशनवर गेलो होतो. सदानं पिशवीत तिच्यासाठी सुके बांगडे बांधून घेतले होते आणि सगळा फलाट आमच्याकडे नाक धरून बघत होता. भाबीनं तुझी शिट्टी तन्वीला द्यायला माझ्याकडे दिली होती. तन्वीनं ती घेतली नाही. म्हणाली, "ही हंयच्या पोरांक होयी." माझ्याशी एवढंच बोलली. गाडी हलली तेव्हा ती खिडकीत नव्हती. आत बापाच्या खांद्यावर डोकं घालून बसली असेल. किंवा माझ्यावर रागावून पलीकडच्या बाजूला बघत असेल. मी बराच वेळ हात हलवत होतो. कोणासाठी, ते कळलं नाही.

त्या बुधवारी तुला जे म्हटलं, ते मला परत घ्यायचं नाहीये. भांडणातलं होतं, ते भांडणातच राहू दे. तू आज असतास तर शुक्रवारी संध्याकाळी दुकानात येऊन मी तुला परत तेच म्हटलं असतं, आणखी वाईट म्हटलं असतं, आणि तू गज खाली ठेवून चिडला असतास. तेवढंच मला हवं आहे. बाकी काही नको. माझं कोणी दहानं भागत नाही आता. जे बोलतो ते तसंच्या तसं हवेत उभं राहतं, आणि मला त्याची भीती वाटायला लागली आहे.

आज शनिवार. उद्या फायनल. मळ्यातली धसकटं पोरांनी आज दुपारी उपटून काढली, रेषा मारल्या. समोरच्या वाडीनं ढोल ठरवले आहेत. तन्वीच्या जागी यासीनचा लहानगा खेळणार. धावतो चांगला, पण चेंडू दिसला की बाकी जग विसरतो. मी त्याला म्हटलंय, मागे बघ, होडी नसली तरी बघ.

माईक माझ्याकडेच आहे. समोरच्यांचे गोल मी मोठ्यानं सांगणार आहे, कमी न करता. आणि मध्यंतरात कोणीतरी येणार, दरवर्षी येतात, हसत हसत विचारणार, काय वासूदा, ती गोव्यात चेंडू पाडणारी तुमची पोर खंय? मी आजपासून त्याचं उत्तर तयार करतोय. गोष्ट पुष्कळ मोठी करता येईल, सुचतंय मला, तू ओळखतोसच. पण मी माईक तोंडाजवळ धरून एवढंच सांगेन, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं: ती गेली. आम्ही धाडली.